बेदाण्याच्या खोलीतली घुंगरी

आशाबाई गांगुर्डेंना थंडी वाजत नाही, हे गंगापूर रोडच्या त्या सोसायटीत आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या लागतात, खाली वॉचमन शेकोटी पेटवतो, फिरायला निघालेली मंडळी कानटोप्यांत डोकी खुपसून चालतात, आणि आशाबाई मात्र तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नुसता पदर खोचून कुंड्यांशी काहीतरी करत उभ्या असतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "अहो, माझी निम्मी जिंदगी थंडीतच गेली." ऐकणाऱ्याला वाटतं, बाई कुठल्यातरी थंड हवेच्या गावच्या असाव्यात. त्या आहेत पिंपळगाव बसवंतच्या.

पिंपळगावला हायवेला लागून द्राक्षाचं एक पॅकहाऊस होतं. लग्न होऊन आल्यावर, मुलगा हर्षल जरा चालायला लागला तेव्हा, आशाबाई तिथं कामाला लागल्या. तेव्हा त्यांना आशाबाई कुणी म्हणत नसे. लहानू ड्रायव्हरची आशा, एवढीच ओळख. बाहेर एप्रिलच्या उन्हानं डांबर मऊ झालेलं असायचं आणि आत बायका साडीवर स्वेटर, स्वेटरावर पांढरा कोट आणि केसांवर जाळीची टोपी घालून ओळीनं टेबलाशी उभ्या. घड हातात धरायचा, उजेडात फिरवायचा, डागी मणी कात्रीनं अलगद काढायचा आणि घड डब्यात निजवायचा. बोटं इतकी गारठायची की कात्री हातात आहे की नाही ते बघून खात्री करावी लागे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या स्वेटरांसकट बाहेर येऊन भर उन्हात बसायच्या. हायवेवरचे टेम्पोवाले मान वळवून बघायचे. त्यांना वाटत असणार, या बायकांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. ओळीतली सगळ्यात जुनी बाई धोंडाबाई त्यांना ओरडून सांगायची, "बघता काय? या, तुमाला बी फ्रीजमदी ठेवते!" आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या.

लहानू कांद्याची गाडी घेऊन उत्तरेला जायचा. चंदीगड, सिमला, कधी पार जम्मू. जाताना कांदा, येताना सफरचंद. एकदा गेला की दोन-तीन आठवडे घर त्याच्याविना. मधेच कुठल्यातरी एसटीडी बूथवरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन यायचा. दुकानदाराची बायको हाक मारायची, आशा हातातलं टाकून पळायची. तिकडून लहानू विचारायचा, "ठीक ना समदं?"

"ठीक."

"पोरगं?"

"ठीक."

मग नुसती खरखर. दोघांनाही फोनवर बोलता यायचं नाही. पण फोन ठेवायचाही नाही. दुकानदाराची बायको तराजूशी खाटखूट करून आठवण द्यायची, तेव्हा कुठं आशा फोन खाली ठेवायची.

एका श्रावणात लहानू फारच लांबला. माल उतरवून तो सफरचंद भरायला वरच्या अंगाला निघाला होता आणि सिमल्यापुढच्या नारकंड्याच्या अलीकडे दरड कोसळली. पुढं रस्ता नाही, मागं गाड्यांची रांग. आशानं त्या दिवसांत काय काय मनात आणलं ते तिचं तिलाच माहीत. तो परतला तो गणपती बसायच्या तोंडावर. गाडी दारात लागली, केबिनचं दार उघडलं, आणि लहानू उतरला तो हातात ऑइलचा कापलेला कॅन घेऊन. कॅनमध्ये काळी ओली माती आणि मातीत हिरवा गोळा, तळहातावर मावेल एवढा. पानं नखाएवढी, गोलसर, कडेनं कातरल्यासारखी.

"हे काय आणलं?"

"फूल हाय."

"यात फूल कुठं हाय?"

"येतं. निळं येतं. बैलाच्या गळ्यात घुंगरं असत्यात ना, तसं. पर एवढं एवढंसं."

मग त्यानं सांगितलं. रस्ता बंद पडला तिथं एका म्हातारीची चहाची टपरी होती. मागं तिचं घर, घराला दगडाची भिंत, आणि भिंतीच्या फटीफटीतून ही झुडपं दगडाला चिकटून बसलेली. तिच्या सासऱ्यानं कुठल्याशा साहेबाच्या बागेतून आणली होती म्हणे. सगळीकडं धुकं आणि पाऊस, आणि त्यात ती निळी घुंगरं हलत असायची. गाडीत बसून बसून कंटाळलेला लहानू दिवसभर त्यांच्याकडंच बघत बसायचा. वाट मोकळी झाल्यावर म्हातारीनं विचारलं, "घर में कौन है?" तो म्हणाला, "घरवाली है." तिनं भिंतीतून एक गड्डा उकरला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"माझं नाव नाय सांगितलं तिला?" आशानं विचारलं.

लहानूनं मान खाली घातली. "नाव कशाला सांगू? घरवाली म्हनलं की."

आशानं ते रोप पत्र्याच्या डब्यात लावलं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीला ठेवलं. थंडी पडली तसं ते पसरलं, डब्याच्या कडेवरून खाली उतरलं, आणि माघात एका सकाळी उठून बघते तर दोऱ्यासारख्या देठांवर निळी-जांभळी घुंगरं लोंबत होती. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या कळ्या, करंगळीच्या पेराएवढं फूल. वास नाही, काही नाही. पण वारा नसतानाही ती हलल्यासारखी वाटायची. घरातल्या कुणालाही त्याचं खरं नाव ठाऊक नव्हतं. ती त्याला घुंगरी म्हणू लागली.

चैत्र लागला आणि घुंगरी मान टाकायला लागली. आशानं ओलं गोणपाट गुंडाळलं, डबा रांजणाखाली ठेवला, दिवसातून दोनदा जागा बदलली. झाड वाळत वाळत गेलं आणि एक दिवस हात लावला तर चुरा झाला. लहानूला कळलं तेव्हा तो नुसतं "हं" म्हणाला. पुढच्या सफरचंदाच्या दिवसांत त्यानं दुसरं रोप आणलं. तेही फुललं आणि तेही वैशाखाच्या आत गेलं. तिसऱ्या खेपेला तो निघाला तेव्हा आशा त्याच्यामागं दारापर्यंत गेली.

"आता आणू नका ते. इथं त्याचा जीव जातो. मारायलाच आणता का त्याला?"

लहानू गाडीत चढला. परतला तेव्हा कॅन घेऊनच परतला. केबिनमधून उतरला आणि कॅन पाठीमागं धरून उभा राहिला. आशाला राग यायला हवा होता. तिला हसू आलं.

त्या वर्षी द्राक्षाचा हंगाम सरत आला होता. शेवटचे कंटेनर गेले, पॅकहाऊसच्या थंड खोल्यांमध्ये बेदाण्याचे बॉक्स रचायला सुरुवात झाली. एक दिवस आशा एक बॉक्स आत पोचवायला गेली. दार लोटल्याबरोबर तोंडावर गारवा आला, श्वासाची वाफ दिसली. बाहेर तिच्या घरी घुंगरी पिवळी पडत होती. आशा तिथंच थबकली. मग मागची बाई ओरडली, "अगं सरक की!"

दुसऱ्या दिवशी ती डबा पिशवीत घालून मशीनच्या खोलीकडे गेली. कोल्ड स्टोरेज सांभाळायचा पुंजा. बागलाणातला, सटाण्याकडचा माणूस. कपड्यांना कायम गारव्याच्या मशीनमधल्या अमोनियाचा वास, आणि हसणं त्याच्या घराण्यातच नसावं असा चेहरा.

"पुंजाभाऊ, एक काम होतं."

"बोला."

आशानं डबा काढून दाखवला. "उन्हाळाभर हे आत ठेवाल का?"

पुंजानं डब्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "माती? बाई, मातीचा एक खडा आत घावला तर मॅनेजर माझी कातडी सोलंल. माल बाहेरदेशी जातो आपला."

"माल तर गेला की. आता बेदानाच राहिला. मी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून देते. कुठं कोपऱ्यात पडून राहील."

"अन् अंधारात जगंल ते?"

"मला काय ठाव? बाहेर तर मरतंच."

पुंजानं वाकून डब्यात पाहिलं. मग म्हणाला, "बाई, माझ्या खोलीत आजपावतर जित्तं काय ठेवलं नाय. घड येतो तो तोडलेला येतो, बेदाना वाळलेला येतो. समदं मेलेलंच येतं इथं." आणि त्यानं डबा तिच्या हातातून घेतला.

थंड खोलीला दोन दारं होती. बाहेरचं उघडून आत गेलं की मधे हातभर जागा, मग आतलं दार. त्या मधल्या जागेत, फळीवर, पुंजानं घुंगरी ठेवली. तिथं गारठा जरा कमी होता आणि एक मंद दिवा होता. आशा रोज जाता-येता विचारायची. पहिल्यांदा पानं पिवळी झाली, मग काळी पडली, मग गळून गेली. जूनमध्ये डब्यात माती आणि वाळक्या काड्या एवढंच उरलं. आशानं विचारणं सोडून दिलं.

पाऊस मार्गी लागला होता. एका दुपारी पुंजानं तिला बेदाणा निवडायच्या ओळीतून बोलावून घेतलं. असं तो कधी करत नसे. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. आशा गेली तर पुंजा जमिनीवर गुडघे टेकून बसलेला, समोर डबा, हातात द्राक्षाची कात्री. त्यानं वाळक्या काड्या एकेक करून कापून काढल्या होत्या. "बघा," तो म्हणाला. मातीला लागून, टाचणीच्या टोकाएवढे, हिरवे ठिपके होते.

"जित्तं शे!" पुंजा म्हणाला. आनंदात माणूस आपल्या आईच्या बोलीत शिरतो, तसा तो अहिराणीत शिरला होता. "मरेल नही, बाई. जित्तं शे!" आणि आशाला पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

मग तिच्या लक्षात आलं. तिकडं डोंगरावर बर्फ पडत असेल तेव्हा हे असंच मातीत दडून झोपत असणार. त्याला उन्हाळा सोसत नाही, पण त्याला झोपही हवी असते. आपल्याकडं ती झोप उन्हाळ्यात उरकून घ्यायची, एवढंच.

त्यानंतर कितीतरी वर्षं तो नेम चालला. अक्षय्य तृतीया झाली की घुंगरी आत, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बाहेर. लहानूनं नवं रोप आणणं थांबवलं. गरजच उरली नाही. पॅकहाऊसमधल्या बायकांना तिचं वेळापत्रक पाठ झालं. "आशे, उठली का गं घुंगरी?" असं धोंडाबाई विचारायची, जशी घरात कुणी सून बाळंतीण असावी. फुलं आली की आशा डबा एक दिवस जेवणाच्या टेबलावर आणून ठेवायची. त्या दिवशी डबे उघडायला उशीर व्हायचा. एकदा नवी आलेली एक मुलगी फूल तोडून केसांत माळायला गेली, तर धोंडाबाईनं तिचा हात असा धरला की तिच्या बांगड्या वाजल्या. "ते घालायचं नसतंय, बघायचं असतंय," ती म्हणाली.

आता मोबाइल आले होते. लहानू रतलामहून, अंबाल्याहून, कुठल्या कुठल्या ढाब्यावरून फोन करायचा आणि पहिलाच प्रश्न टाकायचा, "घुंगरी कशी हाय?"

एकदा आशा चिडलीच. "घुंगरीलाच फोन देऊ का? मी बाजूला होते."

"तसं नव्हं गं."

"मग कसं?"

"पाऊस हाय का तिकडं?" लहानूनं विचारलं. आशाला कळायचं ते कळलं. त्यानंतर तो घुंगरीबद्दल विचारायचा तेव्हा ती स्वतःबद्दल सांगायची. कंबर दुखते. हर्षल पास झाला. भाऊ येऊन गेला. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं हाय मग."

पुढं बिजासनच्या घाटात समोरून येणारी गाडी लहानूच्या केबिनवर आदळली. जीव वाचला, मांडीचं हाड गेलं. कित्येक महिने अंथरुणात काढून तो काठी घेऊन उभा राहिला, पण ब्रेकवर जोर देण्याइतकी ताकद त्या पायात परत आली नाही. ड्रायव्हरकी संपली. पहिल्यांदाच तो एक सबंध उन्हाळा घरी होता. पत्र्याखाली घामानं निथळत बसला होता आणि आशा कामावरून आली तेव्हा तिला म्हणाला, "आपलं घर असं तापतं?"

"मग काय! तुम्ही कधी होता का इथं?"

"तू सांगितलं नाय कधी."

"सांगून काय झालं असतं?"

दुसऱ्या दिवसापासून तो काठी टेकत पॅकहाऊसवर यायला लागला. निमित्त घुंगरीचं. पुंजानं त्याला मशीनच्या खोलीबाहेर एक रिकामा क्रेट बसायला दिला. पुंजा कमी बोलणारा, लहानूही तसलाच. दोघं तासन्‌तास गप्प बसायचे. मधे पुंजा उठून दार उघडायचा, लहानू डोकावून डब्याकडं बघायचा, पुंजा दार लावायचा, दोघं पुन्हा बसायचे. आशा ओळीतून काचेपलीकडे ते बघायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण कामावर असताना नवरा डोळ्यांपुढं आहे, हे तिला नवीन होतं. त्या दिवसांत बेदाणा निवडताना तिच्या हातून डागी दाणे सुटायचे आणि धोंडाबाई खाकरायची. आजही आशाबाईंना कुणी विचारलं की सगळ्यात सुखाचे दिवस कोणते, तर त्या मुलाच्या लग्नाचे किंवा नव्या फ्लॅटचे सांगत नाहीत. त्या सांगतात, लहानू क्रेटवर बसायचा ते उन्हाळे.

पॅकहाऊस बंद झालं ते हळूहळू. मालकाच्या मुलांनी पुढं मोठी जागा घेतली, नवी मशिनरी आली, जुन्या खोल्या एकेक करून बंद पडल्या. पुंजा सटाण्याला लेकीकडं निघून गेला. जाताना तो आशाशी दोन शब्द बोलला आणि घुंगरीच्या डब्याला मात्र दोन्ही हात लावून गेला. त्या वर्षी आशानं पलीकडच्या बर्फाच्या कारखानदाराला विनवून एक उन्हाळा निभावला. पुढच्या थंडीत, घुंगरी फुलात असताना, लहानू गेला. सकाळी चहा घेतला, ओट्यावर उन्हाला बसला, आणि आशा भाकरी टाकून बाहेर आली तेव्हा तो नव्हता.

हर्षल नाशिकला बँकेत होता. त्यानं आईला गंगापूर रोडला नेलं. त्याची बायको सायली एका शाळेत शिकवायची. मुलगी चांगली, स्वच्छतेची भारी, घर आरशासारखं. आशाबाईंनी आपल्या खोलीत बस्तान बसवलं आणि डबा गॅलरीत ठेवला. त्याच्याबद्दल त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. काय बोलणार? फूलच ते.

एप्रिल आला. गॅलरी पश्चिमेची. दुपारी फरशीवर पाय ठेववेना. घुंगरीची पानं कडेनं करपायला लागली तेव्हा आशाबाईंनी तिला नीट छाटलं, दोन पिशव्यांत बांधलं आणि फ्रीजच्या खालच्या खणात, भाजीच्या बाजूला ठेवलं. सायली शाळेतून आली, कोथिंबिरीसाठी खण ओढला आणि ओरडलीच.

"आई! फ्रीजमध्ये माती? अहो, खायच्या वस्तू असतात यात."

तिचं चूक नव्हतं. आशाबाई उठल्या, पिशवी काढली, खण पुसला, आणि आपल्या खोलीत गेल्या. सायलीला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सायली शाळेत गेल्यावर आशाबाईंनी डबा पिशवीत घातला, स्टँडवर जाऊन एसटी पकडली आणि पिंपळगावला उतरल्या. जुन्या पॅकहाऊसच्या जागी गाड्यांची शोरूम झाली होती. त्या चालत पुढं गेल्या. नवं कोल्ड स्टोरेज मोठं होतं, उंच, पांढरंशुभ्र, खिडकी म्हणून नाही. गेटवर गणवेशातला एक तरुण.

"आजी, पास हाय का?"

त्यांनी पिशवी उघडून सांगायचा प्रयत्न केला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला, मधे तोडलं नाही. मग म्हणाला, "आजी, आत समदं कॅमेऱ्यावर असतंय. मलाच दारापल्याड जाता येत नाय. खरंच." त्यानं त्यांना प्यायला पाणी दिलं आणि खुर्ची सावलीत सरकवली. आशाबाईंना त्याचा राग आला नाही. इथं पुंजा नाही, एवढंच त्यांना नव्यानं कळलं.

त्या हायवेच्या थांब्यावर येऊन बसल्या. कांद्याच्या गाड्या जात होत्या, द्राक्षाचे रिकामे क्रेट घेऊन टेम्पो जात होते. पदर भिजवून त्यांनी डब्यावर टाकला होता. तो बघता बघता वाळला. मोबाइल वाजला.

"आई, कुठं आहात तुम्ही? मी घरी येऊन कुलूप बघतेय!"

"पिंपळगावला."

"पिंपळगावला? एवढ्या उन्हात? कशाला?"

"झाडाला जागा बघायला आले होते," त्या म्हणाल्या.

सायली म्हणाली, "तिथंच थांबा. हलू नका. मी येते."

ती हर्षलची गाडी घेऊन आली. चेहरा लाल, शाळेचं ओळखपत्र अजून गळ्यात. ती रागावणार म्हणून आशाबाई तयारीत होत्या. पण सायलीनं नुसतं दार उघडलं, त्यांचा हात धरून आत बसवलं आणि एसी वाढवला. गाडी हायवेला लागली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की सासूबाईंनी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी उचलून एसीच्या झोतासमोर धरला आहे. सायलीनं आपल्याकडच्या झोताचीही जाळी वळवली आणि गार वारा सगळा डब्यावर सोडला.

तेव्हा आशाबाई रडल्या. लहानूच्या तेराव्यालाही त्या अशा रडल्या नव्हत्या. आणि मग नाशिक येईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. दरड, म्हातारीची भिंत, पुंजा, धोंडाबाई, क्रेटवर बसलेला लहानू. सायली मधेच "मग?" म्हणायची आणि त्या पुढं सांगायच्या.

"मला कधी बोलला नाहीत," शेवटी सायली म्हणाली.

"तू विचारलं नाय अन् मला सांगायचं सुचलं नाय."

घरी आल्यावर सायलीनं फ्रीजचा खालचा खण बाहेर काढला, धुतला, पुसला आणि भाजी सगळी वर हलवली. कोथिंबीर दाराच्या कप्प्यात बाटल्यांशेजारी कोंबली. हर्षल संध्याकाळी आला, दुधाची पिशवी ठेवायला फ्रीज उघडला आणि दोघींकडं बघत राहिला.

त्या उन्हाळ्यात घुंगरी निम्मी गेली. अर्धा डबा नुसतीच माती राहिला. पण पावसात एका कडेनं ठिपके दिसले, आणि आशाबाईंनी सटाण्याला फोन लावून ते पुंजाला सांगितलं. पुंजाला आता कमी ऐकू येतं. लेकीनं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा पलीकडून नुसतं हसणं ऐकू आलं. माघात तीन-चार फुलं आली. सायलीनं मोबाइलवर फोटो काढून शोधलं.

"आई, याला बेलफ्लॉवर म्हणतात. मूळचं आल्प्स पर्वतातलं आहे म्हणे. बागांमध्ये हौसेनं लावतात."

"आल्प्स कुठं आलं?"

"युरोपात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, तिकडं."

आशाबाई विचारात पडल्या. "आपली द्राक्षं जायची तिकडंच की," त्या म्हणाल्या आणि त्यांना हसूच आवरेना. "म्हंजी मी इकडून घड धाडायचे, अन् तिकडचं हे माझ्या डब्यात! ह्यांना ठाव नव्हतं गं हे. नाय तर म्हनले असते, परत द्यायला जाऊ का गाडी घेऊन?"

यंदा फुलं भरपूर आली. डब्याच्या कडा दिसत नव्हत्या. सायलीनं आपणहून धोंडाबाईला बोलावणं धाडलं, हर्षल पिंपळगावला जाऊन तिला घेऊन आला. धोंडाबाई आता पार वाकली आहे. लिफ्टमध्ये तिनं भिंत घट्ट धरून ठेवली आणि गॅलरीत आल्यावर आधी खाली डोकावून बघितलं, मग झाडाकडं.

"अजून हाय का ही?" ती म्हणाली. "आपल्यातल्या निम्म्या गेल्या, अन् ही हाय!"

पश्चिमेच्या गॅलरीत ऊन यायला अजून अवकाश होता. सायली शाल घेऊन आली, तर दोघी म्हाताऱ्यांनी ती एकमेकींकडं ढकलली. दोघींनाही नको होती. मग चहा आला, खारी आली, आणि ओळीतल्या बायकांची नावं निघाली. कोण लेकीकडं, कोण मुंबईला, कोणाचे गुडघे गेले, कोणाची नात डॉक्टर झाली. धोंडाबाई म्हणाली, "अन् ओळीत म्हनायचो ती आपली गानी गं! त्या मॅनेजरनं गानी बंद केली म्हनून आपण दिवसभर काय केलं ते सांगितलं का हिला?"

"नाय सांगितलं," आशाबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"काय केलं?" सायलीनं विचारलं. तिची दुपारची शाळा होती, पिशवी खांद्याला लागली होती, चप्पल पायात होती.

"बस, सांगते," धोंडाबाई म्हणाली.

सायलीनं घड्याळाकडं पाहिलं, पिशवी उतरवून दाराशी ठेवली, आणि खारीचा एक तुकडा उचलून ती दोघींच्या मधे फरशीवर मांडी घालून बसली.